बुडावरच्या तीन खाचा

सखाराम हिवराळे यांची नि माझी ओळख भांडणातून झाली. २००९ सालचा मे महिना. मुकुंदवाडीच्या चौकाच्या अलीकडे माझ्या गाडीचं मागचं चाक पंक्चर झालं. मी गाडी चालवायला शिकले तीच पन्नाशीत, नवरा गेल्यानंतर, आणि शिकतानाच मनाशी ठरवलं होतं की चाकासाठी कुणाची मनधरणी करायची नाही. म्हणून भर उन्हात डिकीतून जॅक काढला, माहितीपुस्तकातल्या चित्रासारखा लावला आणि हँडल फिरवायला लागले.

"ओ ताई, थांबा! हात काढा आधी!"

मागे पाहिलं तर पंचावन्न-छप्पन वर्षांचा एक किडकिडीत माणूस रस्ता ओलांडून चक्क पळत येत होता. आल्या आल्या त्यानं एक दगड पायानं ढकलत आणून पुढच्या चाकाला लावला. मग खिशातून सुतळीला बांधलेला जड नट काढला, गवंडी ओळंबा धरतो तसा जॅकशेजारी धरला, आणि मी कुणाचा तरी जीव घ्यायलाच बसले होते अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

"वाकडा लागलाय. बोटभर वाकडा हाय."

"बोटभरानं काय होतंय?" मी म्हणाले. माझा राग नाकावर असतो हे आमच्या एन-टू वसाहतीत सगळ्यांना माहीत आहे.

"बोटभरानंच व्हतंय," तो म्हणाला, आणि मला बाजूला सारून जॅक खाली घेतला, पुन्हा लावला, चाक बदललं. शेवटी माझा जॅक परत देण्याआधी त्यानं तो उलटा केला, बुडाखालून बोट फिरवलं, मान हलवली आणि मग दिला. मला वाटलं, झालं, चक्रम माणसाशी गाठ पडली. पण माझे हात ग्रीसनं बरबटले होते आणि तो म्हणत होता, "घर इथंच हाय, हात धुऊन जा." मी गेले.

मुकुंदवाडीच्या रेल्वे स्टेशनच्या मागच्या अंगाला एका गल्लीत दोन खोल्या होत्या. आत भिंतीवर बुद्धाचा नि बाबासाहेबांचा फोटो, एक कॉट, एक टीव्ही, सगळं नीटनेटकं. मागे पत्र्याची शेड. हात धुवायचा नळ शेडच्या तोंडाशी होता, म्हणून मी आत डोकावले. तीन भिंतींना लाकडी फळ्या आणि फळ्यांवर जॅक. नुसते जॅक. मुठीएवढ्यापासून माझ्या कमरेला लागतील एवढ्यांपर्यंत.

"विकता का?" मी विचारलं.

"नाय."

"मग काय करता?"

"बघतो," ते म्हणाले.

या उत्तरानं माझं कुतूहल चाळवलं. मी तीसेक वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली आहेत. कुणी एवढा संग्रह करतो आणि त्याची यादी करत नाही, हे मला सहनच होत नाही. पुढच्या रविवारी मी कोरी कार्डं घेऊन त्यांच्या दारात हजर झाले. त्यांनी मला हाकललं नाही. नंतर कळलं की त्या शेडमध्ये त्याआधी कुणी बाहेरचं आलंच नव्हतं. बायको पारूबाई २००४ मध्ये गेली होती. मुलगी अमृता पुण्याला नर्स, तिचा फोन रविवारी रात्री यायचा आणि त्यात जेवलात का, औषध घेतलं का, एवढं झालं की संपायचा. गल्लीतली पोरं त्यांना 'जॅकवाला' म्हणायची. मोठी माणसं तेवढंही म्हणत नसत.

कार्डं लिहिताना मला त्यांची खरी करामत दिसली. लिहिता-वाचता जेमतेम येणारा हा माणूस लोखंडाचा पंडित होता. जॅकची मुंडी पाहून तो कुठल्या जातीच्या गाडीखाली जायचा हे सांगायचे. स्क्रूचे आटे चौकोनी की धारदार, खटका एका बाजूला चालतो की दोन्ही, हँडलचं भोक गोल की चौकोनी, यावरून साल पाच-दहा वर्षांच्या आत आणून ठेवायचे. "ह्यो जीपचा. लष्करातून आलाय, बघा, ठसा मारून परत घासलाय. चोरीचा असनार." "ह्यो मॉरिसचा. निजामाच्या वक्ताचा. ह्यानं ट्रक उचलाल तर ट्रकाचं काय होनार नाय, ह्येचं कंबरडं मोडंल." मी पुण्या-मुंबईच्या जुन्या मोटारींच्या पुस्तकांतून चित्रं शोधून न्यायची. दहातल्या नऊ वेळा त्यांचं बरोबर निघायचं आणि दहाव्या वेळी ते पुस्तकालाच खोटं ठरवायचे.

हा माल यायचा जाफरगेटच्या रविवारच्या बाजारातून. तिथं रशीदभाईंचं भंगाराचं दुकान. शहर वाढत होतं, जुने रस्ते रुंद होत होते, मोंढ्याकडची गॅरेजं एकामागून एक उठत होती आणि त्यांच्यातलं लोखंड रशीदभाईंकडे येऊन पडत होतं. सखारामभाऊ ढिगाऱ्यात उकिडवे बसायचे, जॅक उपसायचे, उलटा करायचे, बुडाखालून बोट फिरवायचे. एकदा रशीदभाई हसून म्हणाले, "मियाँ, सब लोगाँ जॅक ऊपर से देखते, तुम नीचे से कायकू देखते जी?" सखारामभाऊंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मीही पाहिलं होतं ते. माझ्या कार्डावर वजन, उंची, आटे, ठसे, 'खाणाखुणा' असे रकाने होते, आणि भाऊ प्रत्येक वेळी सगळ्यात आधी खाणाखुणांचा रकाना संपवायचे. बोट फिरवायचं, आणि "नायत" म्हणायचं. त्या 'नायत'मध्ये दर वेळी त्यांच्यातलं काहीतरी खाली बसायचं. चार वर्षं मी गप्प राहिले, हा माझ्या स्वभावाच्या मानानं विक्रमच आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात, तेव्हाही दुष्काळच होता, मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "काय शोधताय ते सांगा, नाहीतर ही कार्डं मी घेऊन चालले."

त्यांनी सांगितलं. एका बैठकीत, माझ्याकडे न बघता.

बहात्तरचं साल. ते तेव्हा अठरा वर्षांचे, एका ठेकेदाराच्या ट्रकवर क्लीनर. ड्रायव्हर शेंद्र्याचे अप्पाराव तुपे. दुष्काळी कामांवर मिलोची पोती पोचवायची, हे त्यांचं काम. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. खडी फोडणारी माणसं तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असायची. अप्पाराव आणि सखाराम एका डब्यात जेवायचे. त्या काळात तुपे आणि हिवराळे यांनी एका डब्यात जेवणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि भाऊंनी मला ते दोनदा सांगितलं.

वाटेत एका गावाचं तळं लागायचं. त्या वर्षी ते ठणठणीत आटलेलं, म्हणून गाड्यांनी त्याच्या पोटातूनच वाट पाडली होती. मोठा वळसा वाचायचा. एके दिवशी तळ्याच्या मधोमध मागचं चाक फुटलं. पोती उतरवायची म्हणजे दोन तास, आणि पलीकडे माणसं उपाशी. सखारामनं भरल्या ट्रकलाच जॅक लावला, खाली लाकडाचा ठोकळा दिला, पुढच्या चाकाला दगड दिला. चाक उचललं. अप्पाराव स्प्रिंगचा पाटा तपासायला पाय आत घालून बसले.

"आन् जॅक गेला," सखारामभाऊ म्हणाले. ते नेहमी एवढंच म्हणायचे. पडला नाही, सरकला नाही. गेला.

अप्पारावांचा पाय गुडघ्याखाली चिरडला. कामावरची माणसं ओरडत तळ्याकडे धावली आणि सखाराम उलट्या दिशेनं पळाला. दोन रात्री चालत जालन्याला पोचला. तिथल्या गॅरेजात आठ वर्षं राहिला. नंतर इकडे कारखाने वाढले, गॅरेजं वाढली, तसा परत आला, मोंढा नाक्याच्या एका गॅरेजात फिटर म्हणून लागला, लग्न केलं, मुलगी झाली. अप्पारावांचा पाय घाटीच्या सरकारी दवाखान्यात कापला एवढं उडत उडत कानावर आलं होतं.

"पारूबाईंना माहीत होतं?"

"नाय. तिला वाटायचं मला लोखंडाचा नाद हाय."

त्यांचा प्रश्न साधा होता. त्या जॅकचे आटे झिजले असतील, तर भार पडल्यावर तो आपोआप बसला. मग दोष लोखंडाचा. आटे शाबूत असतील, तर जॅक वाकडा लागला होता. मग दोष लावणाऱ्याचा. "दोन दिसाचा उपाशी व्हतो ताई. डोळ्यापुढं अंधारी यायची. सरळ लावला का वाकडा, मला आठवतच नाय. लई आठवून बघितलं." ठेकेदाराचे ट्रक पुढे विकले गेले, सामान गॅरेजांमध्ये पांगलं. पण खूण होती. ड्रायव्हर एकमेकांचे जॅक लांबवायचे म्हणून अप्पारावांनी आपल्या आठ टनी जॅकच्या बुडाखाली कानशीनं तीन खाचा पाडल्या होत्या. तीन, शेजारी शेजारी. त्या खाचांसाठी हा माणूस पंचवीसेक वर्षं भंगार उलटं करून बघत होता.

"अप्पाराव आहेत का अजून?" मी विचारलं.

"हायेत. शेंद्र्याला."

"मग त्यांनाच विचारा ना!"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "काय तोंड घिऊन जाऊ? आधी जॅक सापडू द्या. आटे बघू द्या. मग जातो."

मी खूप बोलले. शेंद्रा इथून एका रस्त्यावर, सरळ जालना रोडला. लोक रोज नोकरीला जातात. माणूस जिवंत असताना लोखंडाची साक्ष कशाला. त्यांचं एकच, आधी जॅक. जालना रोडनं जायची वेळ आली तर शेंद्र्याच्या फाट्याला ते दुसऱ्या बाजूला तोंड फिरवून बसत, हे त्यांनीच मला सांगितलं. त्या दिवशी मी चिडून घरी आले आणि मग रडले. का रडले ते मला नीटसं सांगता येणार नाही. त्या शेडमध्ये त्या वेळी दीडशेच्या वर जॅक होते, आणि त्यातला एकही त्यांना नको होता.

तरी मी रविवारी जात राहिले. आता मीही बुडाकडे आधी बघायला लागले होते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये पाण्याची दशा अशी झाली की लातूरला रेल्वेनं पाणी जायला लागलं. आमच्याकडे नळ कधी आठवड्यानं यायचा, कधी त्याहून उशिरा. सखारामभाऊंच्या गल्लीत टँकर यायचा. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी उभं राहवत नसे. अशाच एका दुपारी त्यांचा फोन आला. ते मला कधीच फोन करत नसत.

"ताई, येता का? आत्ता."

मी गेले तर ते शेडच्या दारात जमिनीवर बसले होते, पुढ्यात एक जॅक. ओळखीचाच होता. नोंद क्रमांक चौऱ्याण्णव, पाच वर्षांपूर्वी रशीदभाईंकडून आणलेला, आठ टनी, चंदेरी रंगाचा. त्या उन्हानं त्याच्या बुडाचा रंग तडकला होता आणि नखाएवढा जाड पोपडा सुटून पडला होता.

झालं होतं ते असं. आपल्याकडे खंडेनवमीला गॅरेजातली हत्यारं धुऊन, रंगवून पुजतात. भाऊ स्वतः दसऱ्याला बुद्धलेणीवर जायचे, पण नोकरीच्या गॅरेजात आदल्या दिवशी सगळी हत्यारं तेच घासून द्यायचे, रंगाचा हात दुसरे मारायचे. आधीचा रंग कोण खरवडतो? चंदेरीवर लाल, लालवर निळा, त्यावर पुन्हा चंदेरी. हा जॅक ज्या गॅरेजात होता तिथं कुणीतरी फारच भाविक असणार, त्यानं बूडसुद्धा सोडलं नव्हतं. एवढ्या दसऱ्यांच्या रंगानं खाचा भरून सपाट झाल्या होत्या. आणि सखारामभाऊंनी तपासलं होतं बोटानं. नेहमीसारखं. 'खाणाखुणा : नाहीत.' ते कार्ड माझ्या अक्षरात होतं.

मी खाली वाकून पाहिलं. पोपड्याच्या जागी उघड्या लोखंडावर दोन खाचा होत्या. तिसरी त्यांनी माझ्यासमोर स्क्रूड्रायव्हरनं मोकळी केली. दोनदा स्क्रूड्रायव्हर निसटला.

"आता आटे," ते म्हणाले.

आट्यांत वंगण वाळून दगड झालं होतं. ते त्यांनी रॉकेलनं भिजवलं, चिंध्यांनी पुसलं, मग एकेका आट्यावरून नख ओढत गेले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यावर काही दिसेना. "डोळ्यानं कळत नाय," ते शेवटी म्हणाले. "भार दिला पायजे."

भार दुसऱ्याच दिवशी आपण होऊन दारात आला. गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर शिरला आणि त्याचं मागचं चाक बसलं. बायका हंडे, कळशा, ड्रम घेऊन उभ्या. टँकरवाला म्हणाला, आधी पाणी सोडून देतो, रिकामा झाला की चाक काढू. पण टँकर अर्ध्या रस्त्यात तिरका अडकलेला, पाइप टाक्यांपर्यंत पोचेना, भांडणं सुरू झाली. त्याच्याकडचा जॅक भरल्या टँकरला दाद देईना. कुणीतरी ओरडलं, "अरे, जॅकवाल्याला बोलवा!"

मी मुद्दाम त्या दिवशी तिथंच होते. सखारामभाऊ चौऱ्याण्णव नंबर घेऊन आले. सगळ्यांना लांब उभं केलं. दगड लावले, दोन्ही चाकांना. ठोकळा दिला. खिशातला नट काढून चारी बाजूंनी ओळंबा धरला, आणि मग हँडल मारायला लागले. एक खटका, दुसरा खटका. भरला टँकर हळूहळू उचलला. चाक सुटलं, दुसरं बसलं. जवळपास वीस मिनिटं त्या जॅकनं तो भार पेलला आणि केसभरही बसला नाही. आटे नव्यासारखे होते.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. टँकरवाल्यानं त्यांच्या पाठीवर थाप मारली. "काका, ह्याला म्हणत्यात लोखंड! असा जॅक आता मिळत नाय!" त्यांच्या त्या गल्लीत पंचवीस-तीस वर्षांत कुणी त्यांचं एवढं कौतुक केलं नसेल. आणि ते मात्र घराच्या पायरीवर जाऊन बसले, चेहरा पांढराफटक. गर्दीत एका मलाच कळलं की त्या माणसाला आत्ता शिक्षा सुनावली गेली होती.

"माझाच हात व्हता," ते म्हणाले. "वाकडा मीच लावला."

मी पाण्याचा तांब्या आणून दिला. तो त्यांनी तसाच हातात धरून ठेवला.

दोन आठवडे त्यांनी दार उघडलं नाही. म्हणजे उघडायचे, "बरं हाय" म्हणायचे आणि लावून घ्यायचे. तिसऱ्या रविवारी मात्र मी गाडी दारातच उभी केली आणि हॉर्न वाजवत राहिले, गल्ली जमा होईपर्यंत. ते चरफडत बाहेर आले. मी म्हणाले, "जॅक सापडला की जाणार म्हणाला होतात. सापडला. बसा." ते आत गेले, धुतलेला सदरा घातला आणि जॅक गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. डिकीत ठेवा म्हटलं तर ऐकेनात.

विमानतळ गेला, चिकलठाणा गेलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नवे फलक, नव्या इमारती, मध्येच जळून गेलेलं एखादं शेत. शेंद्र्याचा फाटा आला तेव्हा मी तिरक्या डोळ्यानं पाहिलं. या वेळी ते समोरच बघत होते.

अप्पारावांचं घर शोधावं लागलं नाही. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली तेव्हा बांधलेला दुमजली बंगला, बाहेर दोन गाड्या. मुलं-सुना कुठल्याशा लग्नाला गेलेली. ओसरीत खाटेवर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा जाडजूड म्हातारा बनियनवर बसला होता, लाकडी पाय काढून बाजूला ठेवलेला. टीव्ही चालू होता, आवाज बंद होता.

सखारामभाऊ पायरीशीच थबकले. गोणपाट छातीशी धरलेलं.

"कोन हाय?" अप्पारावांनी डोळ्यांवर हात धरला. मग तो हात तसाच राहिला. "सख्या?"

"व्हय अप्पा."

"सख्या हिवराळ्या?"

"व्हय."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग सखारामभाऊ पुढे झाले, खाली बसले, गोणपाट सोडलं आणि जॅक त्यांच्या पुढ्यात उलटा ठेवला.

"तुमचा जॅक, अप्पा. तीन खाचा हायेत बघा. आटे चांगले हायेत. भार दिऊन बघितला, बसला नाय. म्हंजी जॅकचा दोष नव्हता. माझाच हात वाकडा पडला. त्येच सांगाया आलो."

अप्पारावांनी जॅककडे पाहिलं. वाकून एकदा खाचांवरून अंगठा फिरवला. "आसंल बाबा," ते म्हणाले. "मला तर आठवत बी नाय. लोखंड कोन ध्यानात ठिवतंय?" आणि मग त्यांच्या लक्षात आलं असावं समोरचा काय बोलला ते. "वाकडा? कोन म्हणलं तुला वाकडा व्हता?"

"मंग गेला कसा?"

"आरं, जमीन गेली! तळं नव्हतं का ते? वर वाळून दगडावानी झाल्तं, ईतभर खाली समदा गाळ. ठोकळ्यासकट आत गेला जॅक. मान्सं आली, ट्रक उचलला, तवा जॅक हातभर गाळात उभा व्हता. सरळ उभा. समद्यांनी बघितला." त्यांनी मांडीवर हात आपटला. "पोलिसाला मी सोता सांगितलं. पोराचा दोष नाय, म्याच म्हणलो व्हतो तळ्यातून घाल म्हणून. ठेकेदाराला सांगितलं. तुझ्या मायला जाऊन सांगाया लावलं. ती म्हणली, पोरगं कुठंय ठावं नाय."

जे थांबले होते त्या सगळ्यांनी पाहिलं होतं. पळालेल्या एकट्यानं तेवढं पाहिलं नव्हतं.

"घाटीत तीन म्हैने पडून व्हतो," अप्पाराव म्हणाले. आता त्यांचा आवाज उतरला होता. "रोज दाराकडं बघायचो. बायकोला म्हणायचो, सख्या यील. डबा जरा जास्तीचा आन. लई दिवस जास्तीचा आनला तिनं." त्यांनी उरलेल्या मांडीवरून हात फिरवला. "पायाचं काय नाय रं. पाय गेला, गेला. तू आला नाय."

सखारामभाऊंची मान खाली गेली ती वर आली नाही. त्यांचे खांदे हलत होते. अप्पारावांनी हात पुढे केला, पण खाटेवरून तो त्यांच्यापर्यंत पोचेना, आणि पाय काढून ठेवलेला म्हणून त्यांना उठताही येईना. मी त्यांना आधार द्यायला पुढे झाले तर त्यांनी मान हलवली. मग सखारामभाऊच गुडघ्यांवर सरकत खाटेजवळ गेले.

मी बाहेर गाडीत जाऊन बसले. तास गेला असेल, जास्तही. ते बाहेर आले तेव्हा हातात गोणपाट नव्हतं.

फाट्यावर आम्हाला थांबावं लागलं. पुढे सिटी बस उभी होती, कारखान्यातली पोरं-पोरी चढत होती. सखारामभाऊ बसच्या मागची पाटी एकेक अक्षर लावत वाचत होते.

"ही मुकुंदवाडीवरून जाती का?"

"हो. तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबते."

"कवापास्नं जाती?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्या क्षणी नाही सुचलं.

"पुष्कळ वर्षं झाली, भाऊ," मी म्हणाले.

बस निघाली. आम्ही तिच्या मागे मागे शहराकडे आलो. ती प्रत्येक थांब्यावर थांबायची, माणसं चढायची, उतरायची, आणि ते प्रत्येक थांब्याकडे नीट बघत होते.